सोळाव्या वर्षीचं लायसन्स नेमकं कोणत्या गाडीचं?

दर वर्षी अकरावीचे वर्ग सुरू झाले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आर.टी.ओ.शी माझा काही संबंध नाही, पण वर्गशिक्षिकेला सगळंच विचारायची आपल्याकडे पद्धत आहे. "मॅडम, सोळा पूर्ण झाली की बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं ना? मग क्लासला जायला ॲक्टिव्हा दिली तर चालेल ना?"

नाही चालत. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं आहे. पण ते बिनगिअरच्या कुठल्याही गाडीचं नसतं, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं असतं. ॲक्टिव्हा जवळपास ११० सीसीची आहे. म्हणजे खिशात लायसन्स असूनही ते मूल रस्त्यावर विनापरवानाच असतं, आणि ही गोष्ट घरात कोणालाच माहीत नसते. त्यामुळे दुचाकींची वर्गवारी कायदा कशी करतो, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं.

कायद्याच्या लेखी सगळ्याच मोटारसायकली

आपण बोलताना गाड्या आकारावरून ओळखतो. पाय ठेवायला सपाट जागा असली की स्कूटर, पेट्रोलची टाकी मांड्यांच्या मध्ये आली की बाइक, अंगाने किरकोळ असली की मोपेड, आणि मुलीच्या हातात दिसली की कुठल्याही कंपनीची असो, ती स्कुटी. मोटार वाहन कायदा, १९८८ असं पाहत नाही. त्यात 'मोटारसायकल'ची व्याख्या आहे ती दोन चाकांचं मोटार वाहन अशी. बाजूला साइडकार जोडली, तिला तिसरं चाक असलं, तरी ती मोटारसायकलच. या व्याख्येत बुलेट बसते, ॲक्टिव्हा बसते, लुनाही बसते.

लायसन्स कोणकोणत्या वर्गांचं असू शकतं, हे कलम १० मध्ये दिलं आहे. दुचाकींसाठी तिथे दोनच नावं येतात: बिनगिअरची मोटारसायकल आणि गिअरची मोटारसायकल. स्कूटर आणि मोपेड हे शब्द त्या यादीत नाहीत.

हे एकदा लक्षात आलं की जुन्या गाड्यांची गंमत कळते. पेट्रोलवरची जुनी बजाज चेतक आठवा. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ फिरवून गिअर बदलायचे. दिसायला पक्की स्कूटर, पण लायसन्स लागायचं गिअरच्या मोटारसायकलचं. दूधवाल्यांची लाडकी एम-८० अंगलटीने मोपेडसारखी होती, तरी तिला हाताचे गिअर होते, म्हणून तीही त्याच रांगेत. उलट १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा चेतकइतकीच भारदस्त, पण तिला गिअर बदलायचे नव्हते, म्हणून ती बिनगिअरच्या वर्गात. गाडीच्या रूपाचा आणि लायसन्सच्या वर्गाचा संबंध तेव्हाही नव्हता, आजही नाही.

मग मोपेड हा शब्द आला कुठून? मोटर आणि पेडल या दोन शब्दांची सुरुवात जोडून तो स्वीडनमध्ये १९५२ साली तयार झाला. इंजिन असलेली, पण पायडल मारूनही चालणारी गाडी, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे त्या अर्थाची खरी मोपेड म्हणजे लुना. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती १९७२ साली आणली. ५० सीसीचं इंजिन, बेताचा वेग, आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखी पायडल मारत घरी. माझे वडील शाळेत शिक्षक होते, त्यांनी वीस वर्षं लुनाच चालवली. चढ आला की ते इंजिनाला पायडलची मदत करायचे, आणि मागे बसलेली मी उतरून चालायला लागायचे.

१९८८ चा कायदा झाला तेव्हा रस्त्यावर अशा गाड्या भरपूर होत्या. सोळा वर्षांच्या मुलांना दिलेली सवलत ५० सीसीवर का थांबली असावी, हे त्या काळचा रस्ता आठवला की उमगतं. सायकलला इंजिन लावल्यासारखी हलकी गाडी तेवढी त्या वयात चालवू द्यावी, असा तो हिशेब दिसतो. त्या गाड्या बाजारातून गेल्या, सवलतीचा मजकूर मात्र पुस्तकात राहिला. आज शोरूममध्ये पेट्रोलवर चालणारी ५० सीसीची नवी गाडी मागून पाहा. विक्रेता तुमच्याकडे बघत राहील.

इथे एक बारकावा आहे. लायसन्सच्या यादीत मोपेड नसली तरी गाड्यांची नोंदणी होते त्या 'वाहन' या सरकारी संगणकप्रणालीत 'मोपेड' असा वेगळा वर्ग आहे. त्यामुळे आर.सी.वर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, मोपेड छापलेलं दिसू शकतं, आणि मग 'मोपेड आहे, सोळाला चालते' असं लोक समजतात. आर.सी.वरचा तो शब्द गाडीची जात सांगतो. चालवणाऱ्याचं वय किती हवं, हे त्यावरून ठरत नाही. गावोगावी चाऱ्याचे भारे आणि दुधाच्या किटल्या वाहणारी टी.व्ही.एस. एक्स.एल. १०० बघा. कंपनी तिला मोपेड म्हणूनच विकते. तिला पायडल नाहीत, आणि इंजिन जवळपास १०० सीसीचं आहे. ती चालवायला अठरा पूर्णच हवीत.

दोन कलमं आणि त्यांतून झालेला घोळ

सोळा वर्षं आणि बिनगिअर ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे, त्याला कारण आहे. कायद्यात एकाच विषयाबद्दल दोन ठिकाणी लिहिलं आहे आणि दोन्हीकडचे शब्द वेगळे आहेत.

कलम ४ वयाबद्दल आहे. सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत, हा नियम. त्याला अपवाद एकच: इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा जास्त नसलेली मोटारसायकल सोळा पूर्ण झाल्यावर चालवता येते. या अपवादात गिअरचा उल्लेख नाही, सीसीचा आहे.

कलम ७ लर्निंग लायसन्सबद्दल आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला बिनगिअरच्या मोटारसायकलचं लर्निंग हवं असेल तर पालकांची लेखी संमती लागते, असं तिथे म्हटलं आहे. इथे बिनगिअर हा शब्द येतो आणि सीसी येत नाही.

एजंटाकडे गेलं की तो फॉर्म पुढे करतो आणि पालकांना सही करायला सांगतो. सही करताना पालकांना वाटतं, आपण संमती दिली म्हणजे बिनगिअरची गाडी चालवायला परवानगी मिळाली. पण कलम ७ ची संमती ही कलम ४ च्या चौकटीतच घ्यायची असते. आधी गाडी ५० सीसीच्या आत हवी, मग संमतीचा प्रश्न. आई-वडिलांनी कितीही प्रेमाने सही केली तरी ११० सीसीची गाडी ५० सीसीची होत नाही.

'एवढं कोण बघतं' असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचा भाग आहे. तो मी दर वर्षी पालकसभेत सांगते.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि ज्याच्या हट्टापायी हे घडलं, त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही, लर्निंगसुद्धा नाही. शिक्षण संपवून पहिल्या नोकरीला लागलेला मुलगा किंवा मुलगी स्वतःची गाडी चालवू शकत नाही, याचा अर्थ काय होतो तो प्रत्येकाने आपल्या घरापुरता विचार करून पाहावा.

पालकांना बचाव आहे का? आहे. आपल्या नकळत हे घडलं किंवा ते टाळण्यासाठी आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यांनी सिद्ध करायचं. मुलाने गाडी पालकांच्या संमतीनेच नेली असं न्यायालय आधी गृहीत धरतं, त्यामुळे उलटं दाखवण्याचा भार पालकांवर पडतो. रोज सकाळी चावी स्वतःच हातात देणाऱ्या घराला हे कसं जमणार? दुसरी सवलत अशी, की मुलाकडे लायसन्स असेल आणि तो त्याच लायसन्सवर चालणारी गाडी चालवत असेल, तर पालकांना ही शिक्षा लागू होत नाही. 'त्याच लायसन्सवर चालणारी' हे शब्द महत्त्वाचे. ५० सीसीचं लायसन्स आणि हातात ११० सीसीची गाडी, असं असेल तर ही सवलत हातची जाते.

यात विम्याचाही प्रश्न येतो, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटते. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण चालवणाऱ्याकडे त्या गाडीचं वैध लायसन्स नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करायला सांगू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालात या वाटेची सविस्तर चर्चा आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी अशी वसुलीची नोटीस आली होती. मुलाला काही झालं नव्हतं, समोरच्या आजोबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. वडिलांनी गावची जमीन विकायला काढली. तो मुलगा पुढे कितीतरी दिवस वर्गात मान खाली घालून बसायचा.

मोठ्यांची लायसन्सही एकदा तपासा

तुमचं लायसन्स काढून त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचा. एम.सी.डब्ल्यू.ओ.जी. म्हणजे बिनगिअरची मोटारसायकल. एम.सी.डब्ल्यू.जी. म्हणजे गिअरची. गिअरचं असलं की त्यावर बिनगिअरची चालवता येते, उलट चालत नाही. एम.सी. ५० सीसी असं लिहिलं असेल तर ते सोळाव्या वर्षी काढलेलं आहे. अठरा झाल्यावर ते आपोआप मोठं होत नाही, नवा वर्ग त्यात वाढवून घ्यावा लागतो.

अक्षरं फक्त एल.एम.व्ही. असतील, तर तो हलक्या मोटार वाहनाचा म्हणजे कारचा परवाना आहे, आणि त्यावर दुचाकी चालवता येत नाही. 'मला कार येते, स्कूटर त्यामानाने किरकोळ' असं म्हणून बायकोची गाडी काढणारे कितीतरी आहेत. कायद्यासाठी ते विनापरवाना चालक आहेत, आणि त्याला कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्याने गाडी दिली त्यालाही कलम १८० खाली तेवढंच. गोव्याला गेल्यावर हे फार घडतं. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घेताना आपण मुकाट्याने कारचं लायसन्स दाखवतो, दुकानदारही वर्ग न बघता चावी देतो. वर्ग आपणच बघायचा.

जर्मनीत नेमकं याच्या उलट आहे. तिथल्या कारच्या परवान्यातच ५० सीसीच्या आणि ताशी ४५ किलोमीटरपर्यंतच्या छोट्या स्कूटरची मुभा येते. इंग्लंडमध्ये 'मोपेड' हा खुद्द कायद्यातला शब्द आहे आणि सोळाव्या वर्षी सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण घेऊन ती चालवता येते. तिकडे शिकायला गेलेली आपली मुलं सुट्टीत घरी आली की तिथलेच नियम इथे धरून चालतात, म्हणून हे सांगितलं.

अपंग व्यक्तींसाठी बाजूला दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरचा वर्ग वेगळा आहे. कायदा तिला त्या व्यक्तीसाठी बदलून घेतलेलं वाहन मानतो, आणि ते फक्त त्याच व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायचं असतं. घरातल्या इतरांनी ती गाडी सहज म्हणून बाहेर काढू नये.

विजेच्या गाड्या: लायसन्स कधी नको

'ना लायसन्स, ना नंबर, ना विमा' अशी पाटी लावून विजेच्या स्कूटर विकल्या जातात. ही पाटी काही गाड्यांबाबत खरी आहे, त्यामुळेच ती फसवते.

कोणतं वाहन मोटार वाहनच नाही, हेही कायदा ठरवतो. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते या व्याख्येतून बाहेर. विजेच्या गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळी चौकट आहे. मोटरची अर्धा तास टिकणारी ताकद २५० वॅटपेक्षा कमी हवी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. आणि हे अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं हवं. अशा संस्थांमधल्या तीन महत्त्वाच्या संस्था आपल्या महाराष्ट्रातच आहेत: पुण्यातल्या ए.आर.ए.आय. आणि सी.आय.आर.टी., आणि नगरची व्ही.आर.डी.ई. या अटी पूर्ण करणारी गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही, म्हणून तिला नोंदणी नको आणि लायसन्सही नको.

विक्रेत्याकडे पहिल्यांदा मागायचं ते हे चाचणीचं प्रमाणपत्र, आणि ते त्याच मॉडेलचं आहे ना हे बघायचं. 'साहेब, सगळं ओके आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

दुसरा धोका त्याहून मोठा. मंद गाडीचा वेग वायरिंगमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये बांधलेला असतो. काही दुकानांत ती गाठ सोडून देतात आणि ताशी २५ ची गाडी ४० नी धावू लागते. त्या क्षणी ती मोटार वाहन होते. मग ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली गाडी असते, आणि वर बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे लायसन्स असण्याचा प्रश्नच येत नाही. अपघात झाला की वर सांगितलेलं कलम १९९-अ आणि भरपाईचा सगळा भार त्या घरावर येतो. 'थोडा स्पीड वाढवून देतो' असं कोणी म्हणालं, तर ते दुकान सोडून निघून या. हे मी अगदी मनापासून सांगते.

मुळातच ताशी २५ पेक्षा वेगाने धावणाऱ्या, म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक विजेच्या स्कूटर सरळ मोटारसायकली आहेत. बजाजची विजेवरची चेतक असो, की २०२४ साली ई-लुना या नावाने परत आलेल्या लुनाचं ताशी ५० किलोमीटर धावणारं मॉडेल असो. त्यांना हिरव्या पाटीवर पांढरे आकडे लागतात, विमा लागतो, हेल्मेट लागतं आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागतं. नोंदणीचं शुल्क माफ आहे, म्हणून लोकांना वाटतं नोंदणीच माफ आहे. तसं नाही.

सोळा वर्षांच्या सवलतीचं इथे काय होतं? ती सवलत सीसीत लिहिलेली आहे. मोटरला सिलिंडर नसतो, त्यामुळे सीसीही नसतात. 'शून्य सीसी म्हणजे ५० च्या आतच' असा युक्तिवाद मी एका वडिलांकडून ऐकला आहे. कलमातले शब्द 'इंजिनाची क्षमता' असे आहेत. त्यांच्या आधारावर ताशी ६०-७० नी धावणारी गाडी सोळा वर्षांच्या मुलाला देणं म्हणजे त्याचं पंचविशीपर्यंतचं लायसन्स पणाला लावणं. माझ्या मते हे कलम बदलायला हवं. मोजमाप वेगाचं आणि ताकदीचं हवं, कारण मुलाच्या डोक्याला लागतं ते वेगामुळे. पण बदलेपर्यंत आहे तेच लागू.

अठरा पूर्ण झाल्यावर

मग काय करायचं, ते सोपं आहे. अठरावा वाढदिवस झाला की परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर लर्निंगचा अर्ज भरायचा. आधार जोडलेलं असेल तर चाचणी घरूनच देता येते. १५ प्रश्नांपैकी ९ बरोबर आले की पास. शुल्क वर्गामागे १५० रुपये, चाचणीचे ५०. अर्ज भरताना थेट गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग निवडला तर पुढे दोन्ही गाड्या चालवता येतात, पण मग परीक्षाही गिअरच्या गाडीवर द्यावी लागते. मुलांना स्कूटरच चालवायची असते, तरी जमत असेल तर गिअर शिकून घ्या असं मी सांगते. एकदाच खेप पडते.

लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची परीक्षा त्यातले ३० दिवस झाल्यावर देता येते. या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल हवा. पाटी १८ सेंटिमीटरची चौकोनी, अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच. मागे बसायचं ते पक्कं लायसन्स असलेल्या, शिकवणाऱ्या माणसानेच. मैत्रिणीला मागे घेऊन कॉलेजला येणं लर्निंगवर चालत नाही, आणि हे मी फाटकापाशी उभी राहून बघत असते.

पक्क्या परीक्षेचे वर्गामागे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये, शिवाय किरकोळ सेवाशुल्क. ट्रॅकवर पाय न टेकवता आठचा आकडा काढायचा असतो. तिथे बहुतेक जण घाबरून वेग कमी करतात आणि गाडी कलंडते. मागचा ब्रेक हलकासा धरून एकसारखं ॲक्सिलरेटर द्यायचं, आणि नजर चाकावर नाही, पुढच्या वळणावर ठेवायची. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात खडूने आठ काढा आणि शिकवणाऱ्याला बाजूला उभं करून वीस-पंचवीस फेऱ्या मारा. माझी मुलगी अशीच पहिल्या खेपेत पास झाली. तोपर्यंत, म्हणजे अकरावी आणि बारावीची जवळपास दोन्ही वर्षं, ती सायकलने कॉलेजला गेली.